पाकिटाच्या मागची बाजू

(वर्धा जिल्ह्यातील बचतगटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



दुकानात तिखटाचं किंवा मसाल्याचं पाकीट हातात घेतलं, की त्यावर एक शब्द हमखास वाचायला मिळतो : 'घरगुती'. घरगुती चव, घरगुती पद्धत, घरगुती मसाला. हा शब्द वाचून गिऱ्हाइकाला भरवसा वाटतो. का वाटतो? कारण घर म्हटलं की डोळ्यांसमोर बाई येते. मिरची उन्हात घालणारी, देठ खुडणारी, खोबरं-धणे भाजणारी, ठसका लागला तरी नाकाला पदर लावून काम करत राहणारी. म्हणजे विकला जातो तो तिचा हात. पण पाकीट उलटं करा आणि उत्पादकाचं नाव वाचा. तिथे ती असेलच असं नाही. आज मला पाकिटाच्या या मागच्या बाजूविषयी तुमच्याशी बोलायचं आहे.

इथे बसलेल्या अनेकजणी तिखट, ठेचा, लसणाची चटणी, भुरका, लोणचं करून विकतात. आपल्याकडे मालाला तोटा नाही. समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची हळद आणि शेजारच्या नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी मिरची, दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. वर्ध्याला तर या विचाराचा वारसाच आहे. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं काम इथल्या मगनवाडीतून चाललं. गावच्या कच्च्या मालावर गावातच प्रक्रिया व्हावी, त्याची कमाई गावातच राहावी, असं जे. सी. कुमारप्पा सांगत होते. आपण त्यापुढचा प्रश्न विचारायला हवा. कमाई गावात राहिली, घरात आली, पण घरात आल्यावर ती कुणाच्या हातात गेली?

मसाल्याचे कुटुंबाचे उद्योग महाराष्ट्रात कसे वाढले ते थोडं पाहू. १९१० साली मुंबईत गिरगावात विश्वनाथ परशुराम बेडेकरांनी किराणा मालाचं दुकान काढलं. पुढे त्याच घराण्यानं तयार मसाले आणि लोणची विकायला सुरुवात केली आणि बेडेकर हे नाव घरोघरी पोचलं. उद्योगाचं नाव झालं 'व्ही. पी. बेडेकर अँड सन्स'. 'अँड सन्स' म्हणजे 'आणि मुलगे'. हा एका घराचा दोष म्हणून मी सांगत नाही. त्या काळी सगळ्या बाजारपेठेत अशाच पाट्या होत्या, आजही आहेत. पण विचार करा, लोणचं आणि मसाला ही शतकानुशतकं बाईच्या हातची विद्या. ती बाजारात आली तेव्हा पाटीवर मात्र बाप आणि मुलगे आले.

दुसरं उदाहरण पुण्याचं. हुकमीचंद चोरडिया आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनी १९६२ साली मसाल्याचा व्यवसाय सुरू केला. कांदा-लसूण मसाला ही त्यांची ओळख बनली. त्यातून 'प्रवीण मसालेवाले' उभं राहिलं, 'सुहाना', 'अंबारी' ही नावं आली, धंदा मुलांकडून नातवंडांपर्यंत गेला. या उद्योगाची कहाणी सांगताना कमलाबाईंचं नाव घेतलं जातं, ही चांगली गोष्ट आहे. बहुतेक घरांत तेवढंही होत नाही. "आमची मंडळी मदत करतात," एवढ्यावर विषय संपतो. सरकारी पाहणीतही अशा बायांसाठी एक रकाना आहे : घरच्या धंद्यातील बिनपगारी मदतनीस. पहाटेपासून भाजण-कांडण करणारी, आणि मदतनीस!

आता पुन्हा त्याच गिरगावात जाऊ. १९५९ साली तिथे सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यांत जसवंतीबेन पोपट होत्या. तेच श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड. १९६६ साली त्याची संस्था म्हणून नोंदणी झाली. लाटणारी प्रत्येक बाई सभासद, आणि सभासद म्हणजे मालकीण, हे तत्त्व त्यांनी नियमातच लिहिलं. तसंच खुटबावचं. दौंड तालुक्यातल्या या गावात कमलताई परदेशी नावाच्या शेतमजूर बाईनं इतर मजूर बायांना घेऊन बचतगट बांधला आणि 'अंबिका मसाला' मोठ्या शहरांतल्या दुकानांपर्यंत नेला. जानेवारी २०२४ मध्ये कमलताई गेल्या. त्यांचं नाव आपण विसरू नये.

मग कुटुंबाचा धंदा वाईट आणि गटाचा चांगला, असं मला म्हणायचं आहे का? नाही. अनेकींना घरच्यांबरोबरच धंदा करायचा असतो. त्यात सोय असते, मायाही असते. अडचण सुरू होते ती धंदा वाढताना. पाच किलो तिखट शेजारपाजारी विकलं जातं तोवर सगळं बाईच्या हातात असतं. मग कांडप यंत्र घ्यायचं ठरतं. कर्जाला तारण हवं. घर आणि शेती नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर. त्यामुळे कर्ज त्यांच्या नावावर, यंत्राची पावती त्यांच्या नावावर. मग हिंगणघाट, वर्धा, नागपूरला माल पोचवायचा. "तू कुठे फिरशील?" म्हणून दुकानदारांशी बोलणंही त्यांच्याकडे. वसुली त्यांच्याकडे, म्हणून बँकेचं खातं त्यांच्याकडे. कुणी कट केलेला नसतो. एकेक पाऊल सोयीचं म्हणूनच पडतं, आणि पाच वर्षांनी मालकीण आपल्याच धंद्यात बिनपगारी कामगार झालेली असते.

"पण घरातलंच आहे ना सगळं? वेगळं नाव कशाला?" असं तुम्ही विचाराल. याचं उत्तर कायद्यात आहे. भागीदारीचा कायदा १९३२ सालचा. त्याचं पाचवं कलम सांगतं, की भागीदारी करारातून निर्माण होते, नात्यातून नाही. एकत्र हिंदू कुटुंबातली माणसं घरचा धंदा चालवतात म्हणून ती एकमेकांची भागीदार ठरत नाहीत, हेही त्यात स्पष्ट म्हटलं आहे. म्हणजे तुम्ही वीस वर्षं मसाला कुटला, तरी तेवढ्यानं भागीदार होत नाही. वारसाहक्काच्या कायद्यात महाराष्ट्रानं १९९४ साली आणि देशानं २००५ साली दुरुस्ती केली, मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क मिळाला. हे आपल्या चळवळीचं मोठं यश. पण सून तिथे कुठे आहे? नवरा हयात असताना सासरच्या धंद्यात तिला जन्मानं नाही आणि लग्नानंही वाटा नाही. समजा, पुलगावची एक सून आहे. तिच्या हातच्या ठेच्यावर धंदा उभा राहिला. उद्या नवऱ्यानं तिला टाकलं, तर पोटगी मागायला ती कोर्टात जाईल. धंद्यातला हिस्सा मागायला तिच्याकडे कागद कुठला?

म्हणून कागदाचा आळस करू नका. अन्नपदार्थ विकायचे तर २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, घरून विकत असलात तरी. ती नोंदणी स्वतःच्या नावे करा. पाकिटावर उत्पादकाचं नाव छापावं लागतं, ते याच कागदांवरून येतं. घरच्यांबरोबर धंदा करायचा तर भागीदारीचा करार लिहून घ्या, त्यात आपला हिस्सा आकड्यात घाला आणि बँकेच्या खात्यावर आपली सही ठेवा. सरकारी योजनेचा अर्ज भरताना नीट वाचा. २०२० साली छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना आली. त्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान ठेवलं होतं. पण एका कुटुंबातून एकालाच लाभ, अशी अट होती. नवऱ्याच्या नावे अर्ज गेला, की बायकोची संधी तिथेच संपली. अशा अटी योजनायोजनांत असतात. त्यामुळे घरातून कुणाचा अर्ज जायचा, हे सगळ्यांनी बसून ठरवा.

आणखी एक. धंदा वाढला की तुमचा 'अंदाज' कुणीतरी वजनात लिहून घेतं. मिरची इतकी, धणे इतके, खोबरं किती भाजायचं. यंत्रासाठी ते लागतंच. पण एकदा प्रमाण कागदावर उतरलं, की तुमच्याशिवायही मसाला होऊ शकतो. तुमच्याकडची मोठी पुंजी तीच आहे. प्रमाण लिहून देण्याआधी करारावर सही झालेली असू द्या. यात अविश्वास नाही. सख्खे भाऊसुद्धा जमिनीची वाटणी कागदावरच करतात.

शेवटचा मुद्दा जरा अवघड आहे. भिवापूर-मांढळ भागात मिरचीच्या सातऱ्यांवर बाया दिवसभर देठ खुडत बसतात. किलोवर मजुरी. हातांची, डोळ्यांची आग घरी गेल्यावरही थांबत नाही, लेकराला जवळ घेता येत नाही. आपल्या मसाल्याची मिरची कदाचित त्यांच्याच हाताखालून आलेली असते. आपल्यापैकी एखादी उद्या मालकीण झाली, चार बाया कामाला ठेवल्या, तर त्यांना हातमोजे, तोंडाला फडकं, पुरेशी मजुरी आणि हजेरीची वही मिळेल का? नवऱ्याकडे आपण हिशेब मागतो, तसाच या चौघींनी आपल्याकडे मागितला तर आपण काय उत्तर देऊ? मालकी केवळ एका हातातून दुसऱ्या हातात गेली, तर बदललं थोडंच.

पुढच्या महिन्याच्या बैठकीला प्रत्येकीनं दोन गोष्टी आणायच्या. आपण विकतो ते एक पाकीट आणि धंद्याचे असतील नसतील ते सगळे कागद. नोंदणी, पासबुक, यंत्राची पावती, कर्जाचा कागद. प्रत्येक कागदावर कुणाचं नाव आहे ते आपण मोठ्यानं वाचू. जिथे तुमचं नाव नसेल तिथे ते कसं येईल, हे त्याच बैठकीत बसून ठरवू.