ईदची संध्याकाळ
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी खोडाळ्याची. मोखाडा तालुक्यातलं हे बाजाराचं गाव. वडिलांचं इथं किराणा दुकान होतं. घरात दखनी, दुकानात मराठी, आणि कविता सुचली ती मराठीत. याचं लोकांना कौतुक वाटतं. आज जे सांगणार आहे त्याचं वाटणार नाही. मी दारू पीत होते. मुसलमान बाई, बीए झालेली, नातवंडं असलेली, आणि दारू!

सुरुवात अगदी साधी. आमचे हे जीप चालवायचे, रात्री बाटली घेऊन बसायचे. त्यांच्या पोटात तेवढी कमी जावी म्हणून मी त्यांच्या ग्लासातली थोडी पिऊन टाकायची. हसू नका. पुढं पुढं बाटलीत किती उरली हे मी माझ्यासाठीच बघायला लागले. एकदा एका कविसंमेलनात माझ्याच कवितेचं दुसरं कडवं मला आठवेना. लोकांना वाटलं, बाईंचा गळा दाटून आला. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या अजून कानात आहेत.

रमजानमध्ये आम्ही दोघंही शिवत नसू. २०१६ साली पहिले चार दिवस माझे हात असे थरथरले की सहेरीचा चहा बशीत सांडायचा. (रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जिवावर बेततं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं.) ७ जुलैला ईद झाली. शीरखुर्मा झाला, पाहुणे गेले. बाहेर धो धो पाऊस. ह्यांनी दोन ग्लास मांडले. मी माझा उचलला, धुतला आणि फडताळात ठेवला. शपथ वगैरे काही घेतली नाही. त्या संध्याकाळी सुरू केली नाही, एवढंच.

खरी परीक्षा पुढं. दारू सोडलेल्याला सांगतात, जुन्या संगतीपासून लांब राहा. माझी संगत माझ्याच शेजारी घोरते! डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' हा गट आहे, आणि व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग. माझ्यासारखीनं कुठल्या दारानं आत जावं?

एका शेजारणीनं सुचवलं, त्यांच्या चहात गुपचूप गोळी घाल. डायसल्फिराम नावाची ही गोळी. ती पोटात असताना दारू प्यायली तर उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. माणूस दगावूही शकतो. ज्याला घ्यायची त्याला ठाऊक असायलाच हवं. मोह मलाही झाला होता, खोटं कशाला बोलू?

मग काय केलं? त्यांच्यासाठी चकणा तळणं बंद केलं. भाडं बुडालं की मालकाला 'अंगात ताप आहे' असा फोन करणं बंद केलं. भांडण मात्र सकाळी करते. रात्री समोर ते नसतात, बाटली असते.

आपल्याकडे १९२२ मध्ये देवीची एक लाट आली होती. पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांतून निघालेली ती देवी डोंगरातल्या आदिवासींतून दक्षिण गुजरातेत पोचली. अंगात आलेल्यांच्या तोंडून ती सांगे, दारू सोडा, ताडी सोडा. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी १९८७ साली त्यावर पुस्तक लिहिलं. पुढं लाट ओसरली तेव्हा तिथल्या लोकांत दोन तट पडले. देवीचं ऐकणारे ते वर्जेला, पुन्हा प्यायला लागलेले सर्जेला. वाचलं आणि मनात आलं, एकाच चुलीवर जेवणाऱ्या वर्जेला बायकोनं आणि सर्जेला नवऱ्यानं काय केलं असेल? ती वेगळी निघाली असेल का? मी निघाले नाही. माणूस वाईट नाही. जीप विकली तेव्हा पोरीसारखे रडले होते.

२०२५ ची ईद ३१ मार्चला आली, ऐन मोह गळायच्या दिवसांत. अंगणाअंगणांत फुलं वाळत होती, गावभर तो गोड वास. महिनाभर हे कोरडे होते. संध्याकाळी ओट्यावर नुसतेच बसून राहिले. मगरीब झाली, इशा झाली. "आज चहा टाकतेस?" म्हणाले. मी दोन कप टाकला. त्यांनी तो सगळा प्यायला, कप स्वतः विसळला, चप्पल घातली आणि नाक्याकडे गेले.

मी त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि जेवून घेतलं.