सूर्य मावळल्यानंतरची वीज



माझी निम्मी नोकरी औष्णिक केंद्रात गेली आणि निम्मी शेतीच्या फीडरवर. त्यामुळे कोळसा की ऊन, या वादात मी बोलतो ते राख आणि चिखल दोन्ही पाहून.

कोळशाचे उपकार मी विसरणार नाही. चंद्रपूरचे २९२० मेगावॅटचे केंद्र ऊन-पावसाची वाट पाहत नाही. पण आपल्या कोळशात साधारण ३० ते ४० टक्के राख असते. दहा वाघिणी जाळा, तीन-चार वाघिणी राख उरते. ती वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसते, तुरीच्या पानांवर बसते, पोरांच्या छातीत बसते. युनिटच्या दरात हा खर्च कुठेच दिसत नाही.

फीडरवर असताना एका रात्री डीपीचा फ्यूज उडाल्याची तक्रार आली. गेलो, तर बांधावर एक आजी कंदील घेऊन उभ्या. थ्री फेज रात्रीच मिळायची, म्हणून मुलगा उसात दारं धरायला गेलेला. आजी थोड्या थोड्या वेळाने त्याला हाक मारत. आतून ‘ओ’ आली की गप्प होत. सापाचं भय होतं. २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, तेव्हा मला पहिल्यांदा त्या आजी आठवल्या. दिवसा पाणी देता येतं, सौरऊर्जेच्या बाजूने एवढं एक कारण मला पुरेसं आहे.

मात्र संध्याकाळी सातला घरोघरी दिवे लागतात, तेव्हा पॅनेल झोपलेली असतात. चाळकेवाडीच्या पठारावरचे पंखे आषाढात बेफाम फिरतात, पण पावसाळा सरला की त्यांचा जोर ओसरतो. मग दुपारी भार कमी केलेले कोळशाचे संच संध्याकाळी घाईने वर न्यावे लागतात. रोजच्या या तापण्या-निवण्याने बाष्पकाच्या नळ्या लवकर थकतात. ती दुरुस्ती आपल्यातलेच लोक करतात.

यावर उपाय म्हणजे साठवण. घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. जादा विजेवर खालचं पाणी वर चढवायचं आणि गरजेच्या वेळी पुन्हा खाली सोडायचं. परत मिळते त्याहून जास्त वीज त्यात खर्च होते, तरीही संध्याकाळ निभावते. असे कितीतरी प्रकल्प आता सह्याद्रीत होऊ घातले आहेत, आणि इथेच मला मुळशी आठवते.

मुंबईच्या गिरण्या कोळशावर चालायच्या, तेव्हा टाटांनी घाटातलं पाणी अडवून १९१५ साली खोपोलीला वीज तयार केली. धूर नसलेली वीज! पुढे त्याच विजेसाठी मुळशीच्या मावळ्यांची भातखाचरं पाण्याखाली जाणार, हे कळल्यावर १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरण तरीही झालं. वीज स्वच्छ होती, पण जमीन घेण्याची रीत स्वच्छ नव्हती.

आपण कोळसा सोडलाच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. म्हणूनच एक मागणी करतो. नव्या प्रकल्पाचा नकाशा मंत्रालयात जाण्याआधी ग्रामसभेत मांडला जावा. कुणाची खाचरं जाणार, कुणाची गायरानं जाणार, ते मराठीत, सर्व्हे नंबरासकट लिहून. दुपारच्या सत्रात या मागणीच्या ठरावाचा मसुदा येतो आहे. तो नीट वाचा, दुरुस्त्या सुचवा. सूचक म्हणून पहिली सही मी केली आहे.