तिच्या बोलीत विचारा

आम्ही वळसंगहून बोलतोय. आम्ही म्हणजे बचत गटांचं काम बघणाऱ्या बायका. हप्ता गोळा करणं, वह्या लिहिणं, बँकेत जाणं हे आमचं रोजचं काम. आज मात्र हप्त्याबद्दल बोलायचं नाही. आज पिशवीबद्दल बोलायचंय. बाजारच्या पिशवीबद्दल नव्हे, आपल्या पोटातल्या पिशवीबद्दल. घरात पुरुष माणसं असतील तर रेडिओ बंद करू नका. त्यांनीही ऐकावं असंच हे आहे.

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो. एकदा गटाच्या बैठकीत आम्ही आरोग्याची एक छापील प्रश्नावली वाचून दाखवली. त्यात एक प्रश्न होता, "असामान्य योनिस्राव होतो का?" आम्ही तो जसाच्या तसा वाचला. सगळ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग एकीनं "नाही" म्हटलं, की सगळ्यांनीच "नाही" म्हटलं. आम्ही पंधरा नावांपुढे पंधरा वेळा "नाही" लिहिलं आणि वही मिटली.

त्या पंधरांत एक मावशी होत्या. पाळी जाऊन त्यांना सहा-सात वर्षं झाली होती. घरात त्या कन्नड बोलतात, गटात मराठी. आपल्याकडे हे काही नवीन नाही. वळसंग, अक्कलकोट, सगळा सीमेचा भाग. सासूशी एक बोली, बाजारात दुसरी, दवाखान्यात तिसरी. पुढे सहा महिन्यांनी त्यांच्या सुनेनं आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, "सासूबाईंच्या कपड्याला डाग लागतोय. पाळी गेल्यावर असं होतं का हो?" आम्ही मावशींना विचारलं, "बैठकीत का बोलला नाहीत?" त्या म्हणाल्या, "तुम्ही ते कुठं विचारलं? तुम्ही दुसरंच काहीतरी विचारलं."

खरं होतं त्यांचं. आम्ही विचारलंच नव्हतं. त्यांच्या कानाला कळेल असं तरी नाही.

मावशींना आम्ही घेऊन गेलो. तपासणी झाली, तुकडा काढून तपासला. पिशवीच्या तोंडाचा कर्करोग निघाला, पण पसरलेला नव्हता. उपचार झाले. आज त्या बैठकीला येतात, हप्ता वेळेवर भरतात. पण ते सहा महिने आमच्या मनातून जात नाहीत. म्हणून आम्ही या विषयाची माहिती गोळा केली. तेव्हा कळलं, की या बाबतीत जगाला शिकवणारं संशोधन आपल्याच जिल्ह्यात, बार्शीत झालंय.

आधी पिशवीचं तोंड म्हणजे काय ते सांगतो. पुस्तकात त्याला गर्भाशयमुख म्हणतात, कुठं ग्रीवा म्हणतात. गर्भपिशवी उलट्या लोट्यासारखी असते असं समजा. तिचं अरुंद तोंड खाली असतं. बाळंतपणात हेच तोंड उघडतं. कन्नडमध्ये गर्भचीला म्हणतात. चीला म्हणजेही पिशवीच. दोन्ही बोलींत बायकांनी एकच शब्द शोधलाय बघा. या तोंडाला होणारा कर्करोग भारतातल्या बायकांमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या खालोखाल आढळतो.

तो होतो एका विषाणूमुळे. त्याचं नाव एचपीव्ही. हेराल्ड झुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञानं हे शोधून काढलं. त्याला २००८ साली नोबेल मिळालं. हा विषाणू नवरा-बायकोच्या संबंधातून येतो. इथं बायका मान खाली घालतात, म्हणून नीट ऐका. ज्यांचा संबंध आला त्या बहुतेक बायकांना, आणि पुरुषांनाही, आयुष्यात कधी ना कधी हा विषाणू होतो. यात कुणाच्या चारित्र्याचा प्रश्न नाही. बहुतेकींच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. थोड्याजणींच्या अंगात तो टिकून राहतो आणि पिशवीच्या तोंडाची कातडी हळूहळू बिघडवतो. बिघाडापासून कर्करोगापर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षं किंवा त्याहून जास्त जातात. एवढ्या काळात दुखत नाही, खुपत नाही. पण याच काळात तपासणी केली तर बिघडलेला भाग तिथल्या तिथं काढता येतो आणि कर्करोग होतच नाही.

आता बार्शीची गोष्ट. १९८७ साली बार्शीत खेड्यापाड्यातल्या कर्करोगाची नोंदणी सुरू झाली. ग्रामीण भागातली अशी नोंदणी देशात पहिलीच. मुंबईचं टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल यांचं हे काम. डॉ. कस्तुरी जयंत आणि डॉ. भगवान नेने यांची नावं त्याच्याशी जोडलेली आहेत. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावं त्यात होती.

शहरात अशी नोंदणी सोपी. रुग्णालयात जाऊन कागद बघायचे, नावं उतरवायची. पण खेड्यात बाई रुग्णालयात गेलीच नाही तर कागद कुठून येणार? म्हणून या लोकांनी दुसरी रीत काढली. कार्यकर्ते गावोगावी जायचे. माणसं जमवायची, कर्करोगाची लक्षणं कोणती ते समजावून सांगायचं, कुणाला तसं काही होतंय का विचारायचं, आणि तसं असेल तर तपासणीला या म्हणून मागे लागायचं. पुन्हा पुन्हा जायचं.

ते गेले होते आकडे गोळा करायला. पण काही वर्षांनी दिसलं, की त्या गावांतल्या बायका आजाराच्या लवकरच्या पायरीवरच दवाखान्यात यायला लागल्यात. अजून कुठलंही मोठं यंत्र गावात आलेलं नव्हतं. फक्त बोलणं झालं होतं. हा निष्कर्ष १९९५ साली परदेशी वैद्यकीय मासिकात छापून आला. मैत्रिणींनो, आम्ही हे वाचलं तेव्हा आमची मिटलेली वही आठवली.

त्यानंतर यंत्र आलं. शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून मोठा अभ्यास झाला. फ्रान्समधल्या लियों शहरात कर्करोग संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिचे डॉ. शंकरनारायणन, टाटा आणि बार्शीचे डॉक्टर यांनी तो केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. गावांचे ५२ समूह केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार गटांत वाटले. एका गटात एचपीव्हीची चाचणी. दुसऱ्यात पॅप, म्हणजे तोंडावरच्या पेशी काचेवर घेऊन बघणं. तिसऱ्यात व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघणं. बिघडलेली जागा त्यानं पांढरी पडते. चौथ्या गटात तपासणी नाही, नेहमीच्या सोयी तेवढ्या.

आठ वर्षांनंतरचा हिशोब २००९ साली जाहीर झाला. आपण हिशोबाच्या बायका, म्हणून आकडे सांगतो. चौथ्या गटात ३१,४८८ बायकांमध्ये या कर्करोगानं ६४ जणी गेल्या. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ बायकांमध्ये ३४. म्हणजे आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीनं मरण जवळपास निम्मं झालं. बाकीच्या दोन गटांत एवढा ठळक फरक दिसला नाही. पण व्हिनेगरची तपासणी वाया आहे असं समजू नका. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटाच्या डॉक्टरांनी दहावी शिकलेल्या बायकांना ती शिकवली आणि दर दोन वर्षांनी केली. तिथं मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. एचपीव्हीची चाचणी मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर आहे ती तपासणी सोडायची नाही, आणि ती एकदाच करून थांबायचं नाही.

आणखी एक आकडा आम्हाला फार मोठा वाटतो. एचपीव्हीच्या गटात बोलावलेल्या दहा बायकांमधल्या जवळजवळ आठ जणी तपासणीला आल्या. खुरपण, भांगलण, लेकरं, सासू-सासरे सगळं सोडून आल्या. यंत्र कितीही चांगलं असलं तरी ते कुणाच्या दारात जाऊन "ताई, चला" असं म्हणत नाही. ते माणसानंच म्हणायचं असतं.

इथं एक कडू गोष्टही सांगायला हवी. पुढे काही डॉक्टरांनीच विचारलं, की तपासणी न झालेल्या गटातल्या बायकांचं काय? त्यांना पुरेसं समजावून सांगितलं होतं का? तपासणीचा उपयोग होतो हे माहीत असताना त्यांना तशीच का ठेवली? संशोधन करणाऱ्यांचं म्हणणं असं, की तेव्हा देशात अशी तपासणी करण्याची रीत नव्हती, आणि तुलना केल्याशिवाय कोणती पद्धत उपयोगी ते कळलं नसतं. वाद मोठा आहे. आम्ही त्यातून एवढंच घेतलं, की कुणीही अभ्यासाला आलं, अगदी चांगल्या कामासाठी आलं, तरी अंगठा उठवण्याआधी आपल्या बोलीत समजून घ्यायचं. कशासाठी? माझ्या वाट्याला काय येणार, काय नाही? मधेच सोडता येईल का? कळेपर्यंत विचारायचं. हा आपला हक्क आहे.

आता लेकींसाठी. या विषाणूवर लस आहे. २००९ साली देशात नऊ ठिकाणी १० ते १८ वयाच्या मुलींना लस देऊन अभ्यास सुरू झाला. त्यात बार्शीही होती. काहींना तीन, काहींना दोन डोस द्यायचे ठरलं होतं. पण २०१० साली दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद झाला आणि सरकारनं अशा अभ्यासांतलं लस देणं थांबवलं. त्यामुळे जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. डॉक्टरांनी त्या मुलींची पाठ सोडली नाही, वर्षानुवर्षं बघत राहिले. दहा वर्षांनी दिसलं, की सर्वांत घातक दोन प्रकारच्या विषाणूंच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एक डोससुद्धा तीन डोसांच्या तोडीचं संरक्षण देतो. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं एक डोसही चालेल असं सांगितलं, त्यामागच्या पुराव्यात या मुलीही आहेत. २०२३ साली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची स्वदेशी लसही आली. नऊ ते चौदा वयात ती घेतलेली चांगली. आशाताईंना विचारा. आणि लस घेतली तरी पुढे तपासणी करायचीच.

शेवटचं एक. हल्ली फोनला तोंडी विचारलं की फोन उत्तर देतो. मराठी, कन्नड बोलणं समजणारी यंत्रं बनवायचं काम मोठ्या विद्यालयांत चाललंय. मद्रासच्या आयआयटीत आहे, सरकारचा 'भाषिणी' नावाचा प्रकल्प आहे. माणसांचे आवाज ऐकवून त्या यंत्रांना शिकवतात. उद्या हीच यंत्रं आरोग्याचं सांगायला लागतील. पण त्यांना फक्त पुस्तकी मराठी ऐकवली, तर एखादी आक्का "अंगावर जातंय" म्हणाली की तेही आमच्यासारखंच "नाही" लिहून वही मिटेल. म्हणून आपली बोली गावंढळ आहे असं म्हणून लपवू नका. दवाखान्यातही नाही.

आम्ही आता प्रश्नावली बदललीय. छापील शब्द बाजूला ठेवतो आणि असं विचारतो: अंगावरून पांढरं जातं का, त्याला घाण वास येतो का? दोन पाळ्यांच्या मधे डाग लागतो का? संबंधानंतर रक्त दिसतं का? पाळी गेल्यावर परत काही दिसलं का? कन्नड बोलणाऱ्या बायकांना कन्नडमध्ये विचारतो. आम्हाला जमत नसेल तर गटातलीच एखादी विचारते. आणि सगळ्यांसमोर नाही, एकेकीला बाजूला घेऊन. यातलं एकही "हो" आलं तर त्याच आठवड्यात दवाखाना.

आणि सगळी "नाही" आली तरी, तिशी ओलांडलेल्या प्रत्येकीनं आपल्या आरोग्य केंद्रात जाऊन तपासणीची सोय कधी असते ते विचारायचं. तपासणीला काही मिनिटं लागतात. थोडं अवघडल्यासारखं होतं, पण बाळंतपण काढलेल्या बाईला त्याचं काय?

एक काम सांगतो आणि थांबतो. गटाच्या वहीत हप्त्याच्या रकान्याशेजारी अजून एक रकाना आखा. वर लिहा, "तपासणी". तारीख टाका. ज्यांचा रकाना रिकामा आहे त्यांना घेऊन जायला दोघींनी सोबत जायचं. एकटीला पाठवायचं नाही. आमच्या मावशी आता प्रत्येक नव्या बाईबरोबर स्वतःच जातात. वाटेत कोणत्या बोलीत बोलायचं ते त्यांना बरोबर कळतं.