घर गेलं की विकलं? : गोष्टीतली कृती आणि तिचे क्रियापद



गोष्टीतल्या कृतींची वर्गवारी करणारे एक पुस्तक व्लादिमीर प्रॉप या रशियन अभ्यासकाने १९२८ साली प्रसिद्ध केले. १०० रशियन परीकथा तपासून त्याने ३१ ‘कार्ये’ ठरवली: घरातले कोणी बाहेर जाते, नायकाला मनाई होते, मनाई मोडली जाते, असे पुढे. कृती कोण करतो हे त्याने बाजूला ठेवले; तिच्यामुळे कथेत काय घडते, एवढेच पाहिले.

परीकथेला ही चौकट पुरते. आपल्या घरांत सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींना ती पुरत नाही, कारण तिथे भांडण कर्त्यावरूनच असते. देशावरचे वडिलोपार्जित घर आता आपले राहिले नाही, ही गोष्ट इंदुरातल्या मराठी घरांना नवी नाही. घटना एकच; पण ती कशी सांगितली जाते पाहा.

‘घर गेलं.’ हे नुसते घडणे. कर्ता दिसतच नाही.

‘आजोबांनी घर विकलं.’ हे करणे. ‘नी’ लागला की कर्ता समोर उभा राहतो.

‘आजोबांना घर विकावं लागलं.’ ‘नी’च्या जागी ‘ना’ आला. हात आजोबांचा, मर्जी परिस्थितीची.

‘काकांनी आजोबांना घर विकायला लावलं.’ हे करवणे; जबाबदारी काकांकडे सरकली.

‘आजोबा घर विकून बसले.’ इथे शेवटचे क्रियापद अकर्मक, म्हणून ‘नी’ गळला. पण सांगणाऱ्याचा शेरा आला: हे करायला नको होते.

म्हणजे वर्ग ओळखायला दोन खुणा बऱ्याच अंशी पुरतात: कर्त्याचा प्रत्यय आणि शेवटचे क्रियापद. एका भावाची मुले ‘गेलं’ म्हणतात, दुसऱ्याची ‘विकून बसले’ म्हणतात. घटनेबद्दल त्यांचा वाद नसतो. जाब कोणाला विचारायचा, याबद्दल असतो.

आपल्यासारख्या हिंदीच्या शेजारात राहणाऱ्यांना इथे एक सावधगिरी हवी. हिंदीत ‘घर बेच दिया’ म्हणजे विकले, इतकेच. तेच शब्दशः मराठीत आणून नातू ‘आजोबांनी घर विकून दिलं’ म्हणाला, तर ऐकणारा विचारील, कोणाचे? कारण आपल्याकडे ‘विकून देणे’ हे सहसा दुसऱ्यासाठी असते. एका क्रियापदाने घरमालक आजोबा दलाल होऊन बसतात!

आता पुष्कळ घरांत वडीलधाऱ्यांच्या आठवणी लिहून ठेवल्या जात आहेत. उत्तम काम आहे. मात्र लिहिताना आजीचे ‘गेलं’ दुरुस्त करून ‘विकलं’ करू नका, आणि काकूचे ‘विकून बसले’ सौम्य करून ‘विकावं लागलं’ही करू नका. दोघींची वाक्ये जशीच्या तशी, नावानिशी उतरवा. विक्रीची तारीख कागदपत्रांत सापडेल. तो दोष घरातल्यांनी कोणाच्या पदरात टाकला होता, हे मात्र त्या क्रियापदांतच राहिलेले असते.