उधव्यापलीकडचा सात वर्षांचा देश

(तलासरी येथे विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



मला विषय दिलाय ‘एका देशाची ओळख’. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात देश म्हणजे चार रकाने: भूगोल, सरकार, अर्थव्यवस्था, इतिहास. मी सॉफ्टवेअर इंजिनीअर, रकाने भरणं हा माझा धंदाच. पण जपान-ब्राझील नको. तुमच्यापैकी अनेकांच्या घरचं माणूस रोज सकाळी ज्या देशात कामाला जातं, तो घेऊ: दादरा आणि नगर हवेली.

हसू नका. 1954 ते 1961 हा प्रदेश पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता आणि भारतातही आलेला नव्हता.

भूगोलाचा रकाना छोटा आहे. 491 चौरस किलोमीटर, मधून दमणगंगा वाहते, राजधानी सिल्वासा. दादराचा तुकडा वेगळा. महत्त्वाचं एवढंच की दमणहून तिथे जायचं तर भारताची जमीन ओलांडावी लागे. पुढचं सगळं त्यातून घडलं.

1779 मध्ये पेशव्यांनी पोर्तुगीजांशी तह केला आणि वर्षाला बारा हजार रुपये वसुलाची गावं त्यांना द्यायचं ठरलं. नगर हवेलीची गावं 1783 मध्ये, दादरा 1785 मध्ये दिलं. पुढे मराठी राज्य बुडालं, इंग्रज आले आणि गेले, पोर्तुगीज मात्र तिथेच राहिले.

21-22 जुलै 1954 च्या रात्री युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सच्या लोकांनी दादरा घेतलं. मग आझाद गोमंतक दल, संघाचे स्वयंसेवक, गोवन पीपल्स पार्टीचे कम्युनिस्ट असे सगळे उतरले. एरवी हे एका सतरंजीवर बसले नसते. 2 ऑगस्टला सिल्वासा पडलं. सिल्वासा सोडून पळालेला कॅप्टन फिदाल्गो खानवेलकडे गेला आणि 11 ऑगस्टला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. कुठे? उधव्याला. आपल्या उधव्याला.

आता सरकार. वरिष्ठ पंचायत आणि प्रशासक. पोर्तुगीज तिकिटांवर ‘मुक्त प्रदेश’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का मारून तीच टपालाला वापरली. मला ही युक्ती फार आवडते. जुनी प्रणाली फेकून न देता वर एक ओळ लिहायची, आम्ही रोज तेच करतो.

पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं: आम्हाला सैन्य न्यायला वाट द्या. भारताची बाजू सेटलवाडांनी मांडली आणि खास न्यायाधीश म्हणून मुंबईचे न्या. महमदअली करीम छागला बसले. न्यायालयाने पेशवाईतले मराठी कागद तपासले. गावांवर राज्य दिलं होतं की फक्त वसूल? मराठ्यांनी दिला तो सरंजाम, म्हणजे वसूल. सार्वभौमत्व पुढे इंग्रजांनी निमूटपणे मान्य केलं, असं न्यायालय म्हणालं. निकाल 12 एप्रिल 1960 चा: खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना वाटेचा हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रांना नव्हता. आणि भारताने कोणतंही कर्तव्य मोडलेलं नाही.

12 जून 1961 ला वरिष्ठ पंचायतीने भारतात सामील होण्याचा ठराव केला. पण सही कोण करणार? समोर पंतप्रधान नेहरू, तर इकडेही पंतप्रधानच हवा. म्हणून भारताच्याच प्रशासकीय सेवेतले के. जी. बदलानी 11 ऑगस्टला एका दिवसाचे पंतप्रधान झाले. उधव्याच्या शरणागतीला त्या दिवशी बरोबर सात वर्षं झाली होती.

अर्थव्यवस्थेचा रकाना मी मुद्दाम शेवटी ठेवला. कारखाने नंतरचे, तेव्हा होती जंगल आणि जमीन. पोर्तुगीज काळात ‘अल्वारा’ नावाच्या सनदेवर मोठमोठे जमीनपट्टे मोजक्या धारकांच्या हाती गेले होते आणि वारली, कोकणा, धोडिया कसत होते. सीमेच्या अलीकडे, झरीला, 1945 मध्येच हजारो वारली जमले होते, वेठबिगारी करणार नाही म्हणून. पलीकडे झेंडा बदलला, सरकार बदललं, हेगचा निकाल लागला, विलीनीकरण झालं. अल्वारा पद्धत मोडणारं जमीन सुधारणा नियमन आलं ते 1971 चं. फिदाल्गो उधव्याला आला, त्यानंतर सतरा वर्षांनी.

हेगला बारा हजारांच्या वसुलाचा मराठी कागद न्यायाधीशांनी शब्द-शब्द वाचला. त्या गावांत नांगर धरणाऱ्याच्या हातात दाखवायला कागद कुठला होता, हा रकाना मला परीक्षेच्या कुठल्याच पुस्तकात सापडला नाही.

आता तुम्ही विचारा. सिल्वासाला कामाला जाणाऱ्यांनी आधी.