भिजलेला संगणक आणि घाईचा हात

भिवंडीच्या यंत्रमागवाल्यांचा हिशेब पूर्वीं चोपड्यांत असे. पेढींत पावसाचें पाणी शिरलें, तर चोपडीचें पान न् पान उलगडून वाळवितां येई. आज तोच हिशेब संगणकांत असतो. कामवारी नदीच्या कांठच्या ह्या शहरास पाऊस अनोळखी नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां ठाणें जिल्ह्यांतील सखल वस्त्याहि जलमय झाल्या. यास्तव भिजलेल्या संगणकाचें काय करावें, हें आधींच जाणून ठेवणें अगत्याचें आहे.

पाणी शिरतांच यंत्र मेलें, हा समज बरोबर नाहीं. शुद्ध पाणी विजेचें फारसें वहन करीत नाहीं. वहन करतात ते त्यांत विरघळलेले क्षार, आणि पुराच्या पाण्यांत क्षार, चिखल व गटाराची घाण हीं सारींच असतात. अशा पाण्यांत वीज खेळली, कीं तांब्याच्या बारीक वाटा झिजूं लागतात व नको तेथें प्रवाहास मार्ग मिळतो. म्हणून "चालतो कीं नाहीं, पाहूं या" असें म्हणत दाबलेली कळ बहुधा अखेरची ठरते.

प्रथम कोरड्या जागीं उभें राहून मुख्य खटका बंद करावा. भिजलेला पॉवर सप्लाय उघडूं नये, कारण वीज तोडल्यावरहि त्यांत विद्युद्भार साठून राहतो. तो बदलणेंच इष्ट. मदरबोर्डवरील नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी काढावी. नंतर इन्व्हर्टरच्या बॅटरींत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यानें व मऊ ब्रशानें बोर्ड धुवावा, विस्तवापासून दूर आयसोप्रोपिल अल्कोहोलनें पुसावा, आणि पंख्याखालीं कांहीं दिवस वाळूं द्यावा. तांदळांत पुरून ठेवण्यानें क्षार निघत नाहींत. लॅपटॉपची भिजलेली बॅटरी पुन्हां चार्ज करूं नये.

हार्ड डिस्कची गोष्ट मात्र निराळी. बहुतेक डिस्कांस हवेसाठीं एक बारीक छिद्र असतें व त्यांतून पाणी आंत जातें. ती धुऊं नये, उघडूं नये, चालवूंहि नये. तज्ज्ञाच्याच हातीं द्यावी. बोर्ड बाजारांत पुन्हां मिळतो, वर्षांचा हिशेब मिळत नाहीं.

मृगापूर्वीं घर शाकारण्याची चाल जुनीच आहे. हिशेबाची एक प्रत त्याच सुमारास वरच्या मजल्यावर किंवा परगांवीं पोंचती करणें, ही आजची शाकारणीच होय.