नाव तेच, गाणं कोणतं?



सिनेमाचं नाव आणि गाण्याचं नाव एकच असलं की काय गंमत होते, या विषयावर बोलायला मंडळाने आम्हाला दहा मिनिटं दिली आहेत. 'आम्हाला' म्हणजे आम्हा चार-पाच सॉफ्टवेअरवाल्यांना. कार्यक्रमाच्या गाण्यांची यादीही आमच्याकडेच होती. संगणक येतो म्हणजे सगळंच येतं, असा आपल्या मंडळींचा एक गोड गैरसमज आहे, त्याचा हा परिणाम!

आता 'चलते चलते' हेच नाव घ्या. आजी-आजोबांच्या पिढीला आठवतो 'पाकीझा' (१९७२), लताबाईंचा आवाज, गुलाम मोहम्मद यांचं संगीत आणि कैफी आझमींचे शब्द. काका-मामांच्या पिढीला आठवतो १९७६ चा 'चलते चलते' नावाचाच सिनेमा. तो सिनेमा फारसा कुणाच्या लक्षात नाही, पण बप्पी लाहिरींच्या चालीवर किशोरकुमारने गायलेलं त्याचं शीर्षकगीत निरोपसमारंभात अजून वाजतं. आणि आमच्या पिढीला आठवतो २००३ चा शाहरुख-राणीचा 'चलते चलते'. बरं, एवढ्यावर भागत नाही. त्या १९७६ च्या गाण्यातल्याच शब्दांवरून २००६ मध्ये 'कभी अलविदा ना कहना' हा सिनेमा आला, तो तर आपल्या न्यूयॉर्कमध्येच घडतो. म्हणजे तीन पिढ्या एकाच खोलीत बसून एकच नाव घेतात आणि तिघांच्या डोक्यात वेगवेगळी गाणी वाजतात.

असं का होतं? आपल्याकडे गाण्याला वेगळं शीर्षक नसतं. मुखडा हेच त्याचं नाव. सिनेमा काढणाऱ्याला असं नाव हवं असतं, जे ऐकताच लोकांच्या मनात काहीतरी वाजायला लागेल. मग गाजलेला मुखडा उचलला की अर्धी जाहिरात फुकटात झाली! 'दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे' (१९९५) हे नाव असंच १९७४ च्या 'चोर मचाए शोर' मधल्या गाण्यातून आलं. ते गाणं किशोरकुमार आणि आशाताईंचं, संगीत रवींद्र जैन यांचं. नाव किरण खेर यांनी सुचवलं, म्हणून सिनेमाच्या श्रेयनामावलीत त्यांचा उल्लेखही आहे. पुढे मुंबईच्या मराठा मंदिरात हा सिनेमा पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालला. पण मूळ गाणं कोणत्या सिनेमातलं, असं इथे जन्मलेल्या मुलांना विचारलं तर ती आपल्याकडेच बघत राहतात.

यात गैर काहीच नाही. कायद्याने तर मुळीच नाही. 'देसी बॉइज' (२०११) या सिनेमाच्या नावावरून एक लेखक कोर्टात गेला होता. २०१५ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो. नाव सगळ्यांचं. आम्हालाही ते पटतं. नाहीतर 'प्रेम' या शब्दासाठी निर्मात्यांना रांग लावावी लागली असती!

काही जण उसनं घेतलेलं नाव फार छान वापरतात. 'ओम शांती ओम' हे मूळ १९८० च्या 'कर्ज' मधलं, आनंद बक्षींचं गाणं. 'कर्ज' ही पुनर्जन्माची गोष्ट. २००७ मध्ये त्याच नावाचा सिनेमा आला, तोही पुनर्जन्माचाच, आणि त्यात सुरुवातीला चक्क 'कर्ज' च्या त्या गाण्याचं शूटिंग दाखवलं आहे. ज्याचं घेतलं त्याला नमस्कार करून घेतलं. 'एक लडकी को देखा' चंही तसंच. १९९४ च्या '१९४२: अ लव्ह स्टोरी' मधलं हे गाणं. सिनेमा लागायच्या आधीच, त्याच वर्षीच्या ४ जानेवारीला राहुलदेव बर्मन गेले. पंचवीस वर्षांनी त्या गाण्याच्या नावाचा सिनेमा आला. मूळ गाण्यातला नायक अनिल कपूर या सिनेमात बाप झाला होता, आणि मुलीच्या भूमिकेत त्याची खरीखुरी मुलगी!

मग अडचण कुठे आहे? आमच्या धंद्यात एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फाइली ठेवता येत नाहीत. नवी टाकायला गेलं की संगणक विचारतो, 'जुनी पुसू का?' गाण्यांच्या बाबतीत मात्र हे कुणी विचारत नाही. नवं जुन्यावर येऊन बसतं.

'ऐ दिल है मुश्किल' म्हटलं की आज २०१६ चा सिनेमा डोळ्यांसमोर येतो, एकतर्फी प्रेमाचं दुःख येतं. पण १९५६ च्या 'सी.आय.डी.' मध्ये हे शब्द जॉनी वॉकरच्या तोंडी होते. लिहिले मजरूह सुलतानपुरींनी, चाल ओ. पी. नय्यर यांची, आवाज रफी आणि गीता दत्तचे. आणि तिथली अडचण प्रेमाची नव्हतीच, मुंबईत जगण्याची होती! त्या गाण्यात ट्राम आहे, गिरणी आहे. मुंबईची ट्राम १९६४ मध्ये बंद झाली. गिरण्यांना १९८२ च्या संपानंतर उतरती कळा लागली आणि आज त्या जागांवर मॉल आणि टॉवर उभे आहेत. ती मुंबई बघायला आता विमानाचं तिकीट काढून उपयोग नाही. ती त्या गाण्यात आहे. आणि फोनवर नुसतं नाव टाकलं की पुढे येतं ते नवं. म्हणजे हरवतं ते केवळ एक गाणं नाही मंडळी, आपल्या आई-वडिलांचं गाव हरवतं. (गंमत म्हणजे त्या गाण्याची चाल 'ओ माय डार्लिंग क्लेमेंटाइन' या अमेरिकन गाण्याशी जुळते. आपल्या मुलांना ऐकवा, ती लगेच ओळखतील.)

मराठीत तर ही परंपरा थेट संतांपर्यंत जाते. 'अवघाचि संसार' हा ज्ञानेश्वरांचा अभंग. त्यावरून १९६० मध्ये सिनेमा आला आणि २००६ मध्ये मालिका आली. 'आम्ही जातो अमुच्या गावा' हा तुकोबांचा अभंग, १९७२ मध्ये त्या नावाचा सिनेमा आला. 'मोगरा फुलला' नावाचा सिनेमा तर २०१९ चा. पण ज्ञानोबा-तुकोबा हरवले का? नाही. कारण तुकोबांच्या अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' असतं आणि ज्ञानदेवांच्या अभंगात 'बाप रखुमादेवीवरु' ही खूण असते. आजच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी मेटाडेटा गाण्याच्या आतच ठेवला होता! पहिली ओळ कुणीही कुठेही नेवो, शेवटपर्यंत ऐकणाऱ्याला कवी भेटतोच.

सिनेमाच्या कवीला ही सोय नाही. मजरूह, शैलेंद्र, कैफी, आपले गदिमा, जगदीश खेबुडकर, यांच्या गाण्यात त्यांचं नाव नाही. पूर्वी कॅसेटच्या कागदावर बारीक अक्षरात का होईना, कवीचं नाव असायचं. आता कागदच गेला. तेव्हा ते नाव आपणच घ्यायला हवं.

म्हणून आम्ही ठरवलं आहे की आज प्रत्येक गाण्याआधी सिनेमा, वर्ष, गीतकार आणि संगीतकार सांगायचे. दोन मिनिटं जास्त लागतील, जेवण काही गार होणार नाही! आणि तुम्हालाही एक विनंती. पुढच्या रविवारी भारतात फोन लावाल तेव्हा 'काय जेवलात, हवा कशी आहे' झाल्यावर एखादं नाव घ्या आणि विचारा, 'आई, तुझं यातलं कोणतं?' मुलांनाही शेजारी बसवा. त्यांना त्यांचं गाणं सांगू दे, आजीला तिचं. नाव एकच असल्यामुळे बोलणं सुरू करायला अडचण येणार नाही.

एवढं बोलून आम्ही माईक खऱ्या गाणाऱ्यांच्या हाती देतो.